आहारविवेक : कोबेच्या उपाहारगृहातील न दिसणारा मासा

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की या सदराकडे परदेशप्रवासाविषयीची पत्रे येऊ लागतात. पूर्वी त्यांत सिंगापूर, दुबई, युरोप अशी नावे असत. अलीकडे जपानचे नाव वारंवार दिसते. यंदा एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत आलेला आहे. कोबे शहरात आपले जिनमंदिर आहे, समाजाची घरे आहेत. तेव्हा तेथील साध्या जपानी उपाहारगृहांत आपल्याला चालेल असे काहीतरी मिळत असेलच ना?

मंदिर आहे, हे खरे. कितानो या चढावरच्या भागात 1985 साली उभे राहिलेले श्री महावीरस्वामींचे पांढऱ्या संगमरवराचे मंदिर आजूबाजूच्या जपानी घरांमध्ये दुरूनही ओळखू येते. मोत्यांच्या व्यापारासाठी आलेल्या जैन घराण्यांनी तेथे आपला धर्म जपला. पण त्याच चढावरून पायी पंधरा मिनिटे खाली उतरले की सान्नोमिया स्थानकाचा परिसर लागतो आणि तेथल्या गल्ल्यांत शेकडो लहानमोठी उपाहारगृहे आहेत. तेथे मंदिराच्या शेजारपणाचा काही उपयोग नाही. या शहराचे नाव जगभर गोमांसाशी जोडले गेले आहे, हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून मांसाच्या दुकानासमोरून आपण तोंड फिरवून पुढे जातो. खरी अडचण त्याच्या पुढच्या दुकानात आहे, जेथे काचेआड मांडलेल्या नमुन्याच्या वाडग्यात पांढऱ्याशुभ्र शेवया, वर सोनेरी रंगाचा तळलेला सोयापनीर आणि स्वच्छ, पातळ रस्सा दिसतो.

या पदार्थाला किट्सुने उदोन म्हणतात. ओसाका-कोबे भागातला हा अगदी रोजचा, खिशाला परवडणारा पदार्थ. उदोन म्हणजे गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी यांच्या जाड शेवया. त्यांत अंडे नसते. वरचा तळलेला तोफू सोयाबीनचा. मांस नाही, मासा नाही, अंडे नाही. पाहणारा श्रावक समाधानाने आत शिरतो आणि वाडगे समोर घेतो. त्या वाडग्यात मासा असतो, पण तो रश्शात विरघळलेला असतो.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ नावाचे कढण. आपल्याकडे जसे वरणाला, भाजीला, आमटीला फोडणी लागते, तसे तिकडे जवळजवळ प्रत्येक शिजवलेल्या पदार्थाला दाशी लागते. फोडणीतला हिंग ताटात दिसत नाही, पण तो नसला की जेवणाऱ्याला लगेच कळते. दाशीचेही तसेच आहे. ती दोन वस्तूंपासून होते. एक कोंबू, म्हणजे वाळवलेले समुद्रशेवाळ. दुसरी कात्सुओबुशी. कात्सुओ नावाचा मासा उकळून, धुरावर पुन्हा पुन्हा वाळवून, अनेकदा त्यावर बुरशी वाढवून महिनोन्‌महिने मुरवतात, तेव्हा तो लाकडाच्या ओंडक्यासारखा कडक होतो. मग सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर त्याचे कागदासारखे पातळ काप काढतात, गरम पाण्यात क्षणभर टाकतात आणि गाळून घेतात. गाळल्यावर चोथा निघून जातो, पाणी निर्मळ दिसते, वासही आपल्याला माशाचा वाटत नाही. कोठे कात्सुओऐवजी किंवा त्याच्या जोडीला वाळवलेली लहान मासळी वापरतात. एकूण, दिसत नाही म्हणून नाही असे समजणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

कोबे ज्या प्रदेशात आहे त्या कान्साई भागाच्या रश्शाचा रंग तोक्योच्या मानाने फिकट असतो. तिकडे गडद सोया सॉस आणि कात्सुओचा भर, तर इकडे फिकट सॉस आणि कोंबूचा भर. यामागे व्यापारी वाचकांना रुचेल असा इतिहास आहे. एदो काळापासून उत्तरेकडील होक्काइदो बेटावरचा कोंबू भरून मालवाहू जहाजे जपानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली येत आणि आतल्या समुद्रातून ओसाकाला पोहोचत. जुने ह्योगो बंदर, जे आज कोबे शहराचाच भाग आहे, याच मार्गावर होते. जिथे उत्तम माल उतरला तिथल्या जिभेला त्याची सवय लागली. याच कोंबूच्या कढणातून 1908 साली तोक्योच्या शाही विद्यापीठातील किकुनाए इकेदा यांनी ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. तथापि कान्साईचा रस्सा फिकट आहे म्हणून तो निरामिष आहे असे कोणी समजू नये. कोंबूचा भर असला तरी कात्सुओ बहुधा सोबत असतोच.

दाशी कोठे कोठे असते? मिसोच्या कढणात असते. थंड सोबा ज्या वाटीतल्या काळसर सॉसमध्ये बुडवून खातात, त्या सॉसमध्ये असते. तेम्पुराच्या भज्यांसोबतच्या पातळ चटणीत असते (भज्यांच्या पिठात बहुधा अंडे असते आणि कोळंबी त्याच तेलात तळलेली असते, ते वेगळेच). पालकाच्या उकडलेल्या भाजीवर असते. किट्सुने उदोनवरचा तो तळलेला तोफूही दाशीतच मुरवलेला असतो, त्यामुळे रस्सा बाजूला ठेवून नुसता तोफू खाल्ला तरी सुटका नाही. नुसता थंड तोफू मागवला तर वर कात्सुओचे काप भुरभुरलेले येतात.

आता भाषेचा घोटाळा पाहू. आपण दुकानदाराला विचारतो, यात मांस आहे का? तो मनापासून म्हणतो, नाही. तो खोटे बोलत नाही. जपानी भाषेत ‘निकु’ म्हणजे गुरे, डुकरे, कोंबड्या यांचे मांस. मासा हा ‘सकाना’, त्याची गणना वेगळी. आपल्या कोकणपट्टीतही मटण आणि मासळी यांत बोलताना फरक करतातच. जपानमध्ये या फरकाला मोठा इतिहास आहे. इसवी सन 675 मध्ये सम्राट तेम्मू यांनी बौद्ध प्रभावातून गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिने बंदी घातली. पुढे अनेक शतके चतुष्पादांचे मांस खाणे तेथे उघडपणे प्रतिष्ठेचे मानले जात नव्हते. 1872 साली सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, ती घटना म्हणूनच गाजली. परंतु या साऱ्या काळात मासा निषिद्धांच्या यादीत नव्हता. तेव्हा ‘शाकाहारी’ या शब्दातून मासा आपोआप वगळला जाईल ही आपली अपेक्षा तेथे लागू पडत नाही. माशाचे कढण तर त्यांच्या दृष्टीने मासादेखील नाही. ती नुसती चव.

काही सुशिक्षित तरुण वाचकांनी असे सुचवले आहे की मोठ्या साखळी उपाहारगृहांत ॲलर्जीचे तक्ते मिळतात, ते वाचून निर्णय घ्यावा. सूचना चांगली, पण तिला एक मोठे भगदाड आहे. जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर अंडे, दूध, गहू, कोळंबी, खेकडा इत्यादी ठरावीक घटकांचा उल्लेख सक्तीचा आहे आणि आणखी काही घटकांची शिफारस केलेली यादी आहे. उपाहारगृहांना ती सक्ती नाही. साखळी दुकाने बहुधा स्वेच्छेने तक्ता देतात. त्या शिफारशीच्या यादीत सामन आणि साबा हे मासे आहेत, पण कात्सुओ नाही. म्हणजे तक्त्यातील सर्व रकाने कोरे असलेला पदार्थही माशाच्या कढणात शिजलेला असू शकतो. अंडे आहे की नाही हे कळण्यापुरता त्या तक्त्याचा उपयोग करावा, त्याहून अधिक नाही.

मग विचारावे काय? नेमके रश्शाविषयी विचारावे. ‘कात्सुओ हाइत्ते इमासु का?’ म्हणजे यात कात्सुओ आहे का? हा एक प्रश्न पाठ करावा आणि जपानी लिपीत लिहिलेला कागद सोबत ठेवावा. आपल्याकडील अनेक जण भली मोठी यादी लिहून नेतात : मांस, मासा, अंडे, मद्य, कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, आले, मध, जिलेटिन. ती यादी वाचून लहान दुकानाचा मालक गोंधळतो. त्यापेक्षा पहिला प्रश्न कढणाचा असावा. तेथेच नकार आला तर पुढचे बारा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. तेथे होकार मिळाला, म्हणजे कढण केवळ कोंबूचे आहे असे कळले, तर मग मिरिनविषयी विचारावे. मिरिन हे तांदळापासून केलेले गोड मद्य आहे, ते सॉसमध्ये सर्रास घालतात, आणि त्याचा उल्लेख करावा असे तेथे कोणाला वाटत नाही. सोया सॉसही आंबवून तयार होतो; ज्यांचा नियम कडक आहे त्यांना तोही वर्ज्य ठरेल. कोंबू आणि नोरी यांविषयी मतभेद संभवतात. आपल्या शास्त्रात शेवाळाची गणना अनंतकायात केली आहे, म्हणून निघण्यापूर्वीच ही गोष्ट आपल्या गुरुमहाराजांपुढे मांडून नियम ठरवून घ्यावा. उपाहारगृहातील बाकावर बसून शास्त्रार्थ करू नये.

कंदमुळांच्या बाबतीत एका पदार्थाविषयी सावध करणे जरूर आहे. कोन्न्याकु नावाची राखाडी, ठिपकेदार, रबरासारखी वडी तेथे अनेक पदार्थांत असते. ती पाहून कोणालाही अगर-अगरची आठवण येते, आणि ‘माशाचे काही नाही ना’ एवढे विचारून आपण ती घेतो. ती सुरणाच्या जातीच्या एका कंदाच्या पिठापासून केलेली असते. सुशीसोबतचे गुलाबी काप आल्याचे, पिवळी लोणच्याची चकती मुळ्याची. ओकोनोमियाकीच्या धिरड्यात अंड्याखेरीज किसलेला कंदही असतो.

दुकानदाराचा नकार ओळखायला शिकले पाहिजे. तो क्वचितच सरळ ‘नाही’ म्हणतो. किंचित मान कलती करून, श्वास आत ओढून ‘चोत्तो...’ एवढेच म्हणतो. शब्दाचा अर्थ ‘जरासे’, वाक्य अर्धेच. पण अर्थ पूर्ण नकाराचा. बाजारात समोरच्याचे मौन वाचणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला हवे, पण भूक लागली की ते त्यात आशा शोधतात आणि ‘थोडे जमवून घ्या’ असा आग्रह धरतात. उदोनच्या दुकानात सकाळीच मोठ्या पातेल्यात कढण चढलेले असते. दिवसभराची सर्व वाडगी त्यातूनच भरायची असतात. एका गिऱ्हाइकासाठी तो दुसरे कढण कोठून आणणार? आग्रह फार झाला तर पाहुण्याचे मन राखण्यासाठी तो वरचे काप काढून वाडगे पुढे ठेवील. आपण खाऊ, आणि दोष कोणाचा याचा हिशेब आपल्या मनात चालू राहील. कृत, कारित आणि अनुमोदित हे तीन भेद आपल्याला लहानपणी पाठशाळेत शिकवलेले असतात. न विचारता खाल्ले तर आपण जाणून केले नाही, असे समाधान काही जण करून घेतात. माझ्या मते ज्याला प्रश्न ठाऊक झाला त्याला ही पळवाट उरत नाही.

अनेक दुकानांत तर विचारायला माणूसच नसतो. दाराशी तिकिटाचे यंत्र असते. पैसे टाकायचे, बटण दाबायचे, चिठ्ठी आत द्यायची. फिरत्या पट्ट्याच्या सुशीच्या दुकानात पडद्यावर बोट लावून मागणी करायची. अशा ठिकाणी पैसे आधी आणि प्रश्न नंतर होतो. सहकुटुंब जाणाऱ्यांनी ही दुकाने टाळावीत हे उत्तम. मुलांना पट्ट्यावरून फिरणाऱ्या ताटल्यांची गंमत दाखवायचीच असेल तर काकडीची गुंडाळी आणि उकडलेल्या कोवळ्या सोयाबीनच्या शेंगा एवढ्यावर थांबावे. त्यातही भातात घातलेल्या शिर्क्याची आणि नोरीची चौकशी उरतेच. आणखी एक, आपले ठेपले-खाखरे उपाहारगृहाच्या मेजावर उघडू नयेत. बाहेरचे खाद्य आत आणणे तेथे असभ्यपणाचे मानतात आणि बहुतेक ठिकाणी तशी मनाई असते. डबा बागेत बसून खावा, आणि कागद-पिशव्या परत आणाव्यात; रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच आढळतात.

व्यापारानिमित्त जाणाऱ्या तरुणांचा प्रश्न याहून नाजूक आहे. तेथे यजमान जपानी व्यापारी असतो, जेवणाचे निमंत्रण त्याचे असते, आणि कधी कधी मोठा सौदा त्या मेजावर पक्का होणार असतो. अशा वेळी मेजावर बसल्यावर नियम सांगणे म्हणजे यजमानाला सर्वांसमोर लाजवणे होय. आदल्या दिवशी सांगावे, लिहून सांगावे, आणि ‘आपण जेवा, मी आपल्यासोबत चहा घेईन’ हेही त्यातच लिहावे. दिवस असेल तर हिरवा चहा सर्वत्र मिळतो. आगाऊ कळवलेल्या गोष्टीचा तेथील लोक मान राखतात. आयत्या वेळची अडचण मात्र त्यांना खरोखर संकटात टाकते.

येथे एक अप्रिय गोष्टही लिहून टाकतो. कोबे हे मोत्यांचे शहर आहे. दूरच्या किनाऱ्यांवरील मोती येथे येऊन निवडले, विंधले आणि ओवले जातात. रोक्को डोंगराच्या बाजूने येणारा उत्तरेचा प्रकाश मोत्यांची पारख करायला उत्तम, असे सांगतात. शेतीचा मोती मिळवण्यासाठी शिंपला उघडावा लागतो आणि त्यातील जीव बहुधा मरतो. रश्शातला मासा शोधणाऱ्या आपण हातातल्या माळेविषयीही कधी विचारले पाहिजे. याविषयी आपल्यातील साधुसाध्वींनी वेळोवेळी बोलून दाखवलेले आहे, आणि काही घराण्यांनी हा व्यवसाय सोडला आहे. तो विषय मोठा आहे, या सदराचा नाही.

आपल्या आचाराशी जवळचे नाते सांगणारे काही जपानमध्ये आहे काय? आहे, आणि ते बौद्ध मठांत आहे. ‘शोजिन र्‍योरी’ ही मठांतील पाकपरंपरा मासा, मांस आणि अंडे वर्ज्य करते; लसूण, कांदा यांसारख्या पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य करते. कढण कोंबूचे किंवा वाळवलेल्या अळंबीचे असते. ‘शोजिन’ हा शब्द संस्कृतमधील ‘वीर्य’ या शब्दाचे भाषांतर म्हणून रूढ झाला, हे कळल्यावर पंचाचारांतील वीर्याचार आठवल्यावाचून राहत नाही. ध्यानमार्गी आचार्य दोगेन यांनी 1237 साली मठातील स्वयंपाक्याचे कर्तव्य सांगणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, इतका मान या कामाला तेथे होता. मात्र शोजिन जेवणात कंदमुळे आणि अळंबी भरपूर असतात, त्यामुळे तेही आपल्याला जसेच्या तसे चालत नाही. कोबेहून जलद गाडीने तासाभराच्या आत क्योतो गाठता येते. तेथील तेन्र्युजी मठाच्या आवारात शिगेत्सु नावाचे शोजिन भोजनगृह आहे. बटाटा, गाजर सोडून बाकी चालणाऱ्या वाचकांनी तेथे कंदांचे काय ते विचारून जावे.

रात्रिभोजनत्यागाचा नियम असणाऱ्यांनी घड्याळही नीट पाहावे. डिसेंबरच्या सुरुवातीला कोबेत सूर्य पाचच्या आधीच मावळतो. जूनअखेरीस सव्वासातपर्यंत प्रकाश असतो. लहान उपाहारगृहे दुपारी दोन-अडीचच्या सुमारास बंद होतात आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला पुन्हा उघडतात. हिवाळ्यात म्हणूनच दुपारचे जेवण हेच दिवसाचे मुख्य जेवण धरावे. बसून खाल्ले तर दहा टक्के कर आणि बांधून नेले तर आठ टक्के, असा फरक 2019 सालापासून तेथे आहे, तेव्हा दुकानदार ‘येथे की नेणार?’ असे विचारतो. बक्षिशी ठेवू नये. ठेवलेले पैसे परत देण्यासाठी तो मागे धावत येईल.

इतके सगळे वाचून कोणी विचारील, मग एखाद्या साध्या जपानी दुकानात आपण बसूच शकत नाही काय? बसता येते. सोबाचे चांगले दुकान शोधावे. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, उपवासाला आपल्यातील अनेक घरांत खातात तेच धान्य. पूर्ण कुट्टूच्या शेवयांना ‘जुवारी’ म्हणतात. ‘निहाची’ म्हणजे आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू. काही ठिकाणी पीठ बांधण्यासाठी कंद घालतात, तेवढे विचारून घ्यावे. थंड सोबा मागवावा आणि बुडवण्याच्या सॉसऐवजी मीठ मागावे. सोबाचे जाणकार शेवयांचा मूळ स्वाद कळावा म्हणून मिठाशी खातात, त्यामुळे या मागणीत विचित्र काही वाटत नाही. सॉसची वाटी घेऊच नये. नुसती बाजूला ठेवली तर ती वाया जाते. शेवटी ‘सोबा-यु’, म्हणजे शेवया उकडलेले गढूळ गरम पाणी, लाकडी किंवा लाखेच्या भांड्यात आणून ठेवतात. इतर गिऱ्हाइके ते उरलेल्या सॉसमध्ये मिसळून पितात. आपण ते चिमूटभर मीठ घालून तसेच प्यावे.